उबंटूच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आवाज तुटतो, भावाचा स्क्रीन रीडर त्यावरच चालतो : मदत हवी

अबोली_नाशिक | शनिवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरला राहतो. माझा धाकटा भाऊ बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि एनव्हीडीए या, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर तो सगळं काम करतो, माझ्यापेक्षा कितीतरी भराभर. या सत्राला लिनक्सचं प्रात्यक्षिक आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत नकली कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्रॅम) उबंटू हे लिनक्स टाकून सराव करा, परीक्षाही त्यातच होईल, असं कॉलेजने सांगितलंय.

उबंटू टाकून झालं. ऑल्ट, सुपर आणि एस एकदम दाबलं की तिथला ऑर्का हा स्क्रीन रीडर सुरू होतो, तेही कळलं. घोडं अडलंय ते आवाजावर.

पहिले दोन दिवस आवाजच नव्हता. उबंटूच्या सेटिंग्जमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' लिहून यायचं. मग मशीन बंद करून व्हर्च्युअलबॉक्सचं ऑडिओचं पान उघडलं, तर 'एनेबल ऑडिओ'समोर खूणच नव्हती. ती केली, त्याखालच्या आउटपुट आणि इनपुटच्या खुणाही करून टाकल्या. आता आवाज येतो, पण असा : 'टर्मिनल'चं 'मिनल' ऐकू येतं, 'फाइल्स'चं 'इल्स'. मध्येच तव्यावर मोहरी टाकल्यासारखं तडतडतं. आणि कधीकधी सगळा आवाजच जुन्या टेलिफोनसारखा, डब्यातून आल्यासारखा होतो.

तुमच्या-माझ्या मशीनमध्ये असं झालं तर एखादं गाणं बिघडेल, इतकंच. त्याच्यासाठी आवाज हाच पडदा आहे. काल रात्री एक फोल्डर उघडायला त्याला वीस मिनिटं लागली, मग त्याने लॅपटॉप मिटला आणि न जेवता झोपला.

दोन विनंत्या. स्क्रीनशॉट टाकू नका, काय कुठे आहे ते शब्दांत सांगा. आणि जमेल तितकं देवनागरीतच लिहा. हा धागा तो स्वतः ऐकणार आहे, आणि मराठी आवाजात वाचताना मध्येच रोमन अक्षरं आली की त्याचं ऐकणं अडखळतं.

प्रात्यक्षिक तीन आठवड्यांवर आलंय.

---

सिडकोकर | रात्री ९:५८

गेस्ट ॲडिशन्स (आतल्या मशीनमध्ये टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे जोड-प्रोग्रॅम) टाकलेत का? त्याशिवाय व्हर्च्युअलबॉक्समध्ये काहीच धड चालत नाही. आधी ते टाका.

---

पंचवटी_टर्मिनल | रात्री १०:२०

सिडकोकर, पडद्याचा आकार, सामाईक फोल्डर, कॉपी-पेस्ट यांना गेस्ट ॲडिशन्स लागतात. आवाजाला नाही. व्हर्च्युअलबॉक्स आतल्या उबंटूपुढे खऱ्या साउंड कार्डाची हुबेहूब नक्कल उभी करतो आणि उबंटू आपला नेहमीचा ड्रायव्हर तिला जोडतो. ती नक्कल तीन प्रकारची मिळते : साउंड ब्लास्टर १६, आयसीएच एसी ९७ आणि इंटेल एचडी ऑडिओ.

अबोलीताई, एवढं सांगा :

लॅपटॉपच्या प्रोसेसरला कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) किती आणि मशीनला त्यातले किती दिलेत? ऑडिओच्या पानावर 'कंट्रोलर'समोर काय लिहिलंय, म्हणजे यातली कोणती नक्कल निवडलीय? हेडफोन वायरचा आहे की ब्लूटूथचा? आणि मशीन चालू असताना खिडकीच्या अगदी खालच्या पट्टीत, उजवीकडे, हिरव्या कासवाचं चित्र दिसतं का?

---

मनमाड_जंक्शन | रात्री १०:२६

कासव??

---

पंचवटी_टर्मिनल | रात्री १०:३१

हो, खरोखरचं हिरवं कासव. व्हर्च्युअल मशीन चालवणारा विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही आधीच प्रोसेसरवर ठाण मांडून बसलेला असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सला थेट प्रोसेसर मिळत नाही. त्याला हायपर-व्हीच्या मार्फत काम करावं लागतं आणि सगळंच मंदावतं. तेव्हा ते कासव दिसतं. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांनी मशीनचा लॉग, म्हणजे त्याच्या कामाची नोंदवही, उघडावा, तो साधा मजकूर असतो. त्यात 'एनईएम' ही तीन अक्षरं शोधावीत. सुरुवातीलाच 'एनईएमकडे वळतो आहे' अशा अर्थाची ओळ सापडली तर कासव आहे असं समजावं.

---

ओझरकर | रात्री ११:०५

अबोली बेटा, आवाज बोलणाऱ्यापासून कानापर्यंत कसा जातो ते एकदा डोक्यात बसलं की बिघाड शोधणं सोपं जातं. मी आयुष्यभर विमानांच्या वायरिंगचं काम केलं. दोष शोधायची रीत इथेही तीच : एका टोकापासून निघायचं आणि एकेक जोड तपासत पुढे सरकायचं.

ऑर्का मजकूर देतो ई-स्पीकला. ई-स्पीक त्याचा आवाज बनवून देतो पाइपवायरला, म्हणजे उबंटूत आवाजाची वाहतूक सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला. पाइपवायर तो देतो एल्सा या लिनक्सच्या ड्रायव्हरच्या थराला, एल्सा देतो नकली साउंड कार्डाला. इथे उबंटूची हद्द संपली. नकली कार्डाकडून आवाज घेतो व्हर्च्युअलबॉक्स, तो देतो विंडोजला, विंडोज देतं खऱ्या कार्डाला किंवा ब्लूटूथला, आणि मग तो कानात पडतो.

आता तडतड का होते ते पाहा. आपल्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. महापालिकेचं पाणी ठरल्या वेळी येतं, नळ मात्र आपण दिवसभर वापरतो. टाकी मोठी असेल तर पाणी तासभर उशिरा आलं तरी घरात पत्ता लागत नाही. टाकी बादलीएवढी असेल तर नळ फुसफुसायला लागतो. आवाजाच्या वाटेवर प्रत्येक जोडावर अशी एक टाकी असते, तिला बफर म्हणतात. कार्ड सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (बारीक तुकडे) वाजवतं. टाकी १,०२४ नमुन्यांची असेल तर ती सुमारे २१ मिलिसेकंदांत रिकामी होते. आता व्हर्च्युअल मशीन हे विंडोजच्या दृष्टीने इतर दहा प्रोग्रॅमांसारखंच एक. विंडोजने त्याला ३० मिलिसेकंद ताटकळत ठेवलं की टाकी कोरडी पडली आणि तडतड झाली.

म्हणून उपाय दोनच : पाणी वेळेवर आणा, नाहीतर टाकी मोठी करा. आधी पहिला करून पाहा.

---

शब्दवेल्हाळ | रात्री ११:१७

ओझरकर काका, टाकीचं उदाहरण फार आवडलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

वर्कशॉप_अंबड | रविवार, सकाळी ७:५०

माझा अनुभव वेगळ्या टोकाचा आहे, पण कंट्रोलरचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

अंबडला आमचं लहानसं वर्कशॉप आहे. एका जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय चालत नाही. एक्सपीचा कॉम्प्युटर मेला, तेव्हा पुतण्याने नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी बसवून दिलं. सगळं चाललं, फक्त धोक्याचा इशारा वाजेना. त्या सॉफ्टवेअरमध्ये टूल झिजलं की एक आवाजाची फाइल वाजते, आणि कामगाराचं लक्ष पडद्याकडे नाही, जॉबकडे असतं. दोन जॉब वाया गेले तेव्हा कळलं.

कारण एवढंच होतं की पुतण्याने कंट्रोलर इंटेल एचडी ऑडिओ निवडला होता. एचडी ऑडिओ २००४ मध्ये आला, एक्सपी त्याच्या आधीचं, २००१ चं. त्याच्यात तो ड्रायव्हर मुळातच नाही. एसी ९७ केलं आणि इशारा वाजायला लागला. उलट विंडोज ७ किंवा त्यापुढचं आत चालवायचं असेल तर एचडी ऑडिओच ठेवा, कारण तिथे एसी ९७ चा ड्रायव्हर सोबत येत नाही.

---

पंचवटी_टर्मिनल | सकाळी ८:१५

वर्कशॉप, +१. लिनक्समध्ये मात्र दोन्ही चालतात. उबंटूसाठी व्हर्च्युअलबॉक्स आपणहून एसी ९७ देतो. माझं मत, तेच ठेवा. एसी ९७ च्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून वागायची खास सोय आहे.

---

टाळमृदंग | सकाळी ९:४०

असहमत. माझ्याकडे एसी ९७ वर तडतड जास्त होती, एचडी ऑडिओ केल्यावर कमी झाली. कंट्रोलर बदलायला दोन मिनिटं लागतात, दोन्ही करून पाहावेत. फक्त मशीन पूर्ण बंद करा, 'सेव्ह स्टेट' करून बदलता येत नाही.

मी कीर्तनं रेकॉर्ड करतो, म्हणून मनापासून सांगतो : व्हर्च्युअल मशीन हे रेकॉर्डिंगचं ठिकाणच नाही. बाहेरचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस थेट आतल्या मशीनला जोडून पाहिला. होस्ट, म्हणजे बाहेरचा कॉम्प्युटर, लिनक्सचा होता, त्यामुळे स्वतःला 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात घालावं लागलं, मग इंटरफेस दिसला. वाजतोही. पण दहा मिनिटांच्या अभंगात सात-आठ ठिकाणी टिकटिक. मृदंगाची थाप पडते त्या क्षणी टिक आली की ते रेकॉर्डिंग कचऱ्यात. यूएसबीवर ऑडिओचा डेटा ठरल्या वेळी गेलाच पाहिजे, हुकला तर तो पुन्हा पाठवला जात नाही. शेवटी लिनक्स वेगळ्या पार्टिशनवर टाकलं. ताई, तुम्हीही तेच करा, उबंटू थेट लॅपटॉपवर टाका.

---

अबोली_नाशिक | सकाळी १०:३०

सगळ्यांचे आभार. भावाने सगळे प्रतिसाद ऐकले, काकांचा दोनदा.

टाळमृदंग, लॅपटॉप एकच आहे आणि त्यावर त्याची विंडोजची सगळी घडी बसलेली आहे. परीक्षाही व्हर्च्युअलबॉक्समध्येच आहे. त्यामुळे थेट उबंटूचा मार्ग नको.

पंचवटी, तुमच्या प्रश्नांची उत्तरं : कोअर चार, मी चारही देऊन टाकले होते (जास्त दिले की जास्त वेग, असं वाटलं). कंट्रोलर आयसीएच एसी ९७. हेडफोन ब्लूटूथचा नेकबँड. आणि कासव आहे! भावाने लॉगमध्ये शोधलं, 'एनईएम' भरपूर वेळा सापडलं. मी खाली वाकून पाहिलं तर चित्रही होतं.

---

पंचवटी_टर्मिनल | सकाळी १०:५२

मग बरंचसं सापडलं.

चारपैकी चारही कोअर देऊ नका. मशीन चारही अडवून बसलं की आवाज बाहेर काढणाऱ्या विंडोजलाच वेळ मिळत नाही. दोन द्या.

कासव घालवण्यासाठी : विंडोजमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडा. त्यात 'हायपर-व्ही', 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' आणि 'विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म' या खुणा काढा. मग विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असं जाऊन 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा. लॅपटॉप रीस्टार्ट करा.

---

शलाका_गंगापूररोड | सकाळी ११:१०

थांबा ताई, हे करण्याआधी एक काम करा. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कुठेतरी लिहून घ्या. अशा बदलांनंतर चालू होताना लॅपटॉप ती मागू शकतो. तेव्हा निळ्या पडद्यावर एनव्हीडीए बोलत नाही आणि भाऊ घरात एकटा असेल तर अडकून बसेल.

आणि मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची गोष्ट आहे. ती कायमची बंद ठेवायला सांगणं मला पटत नाही. परीक्षा झाली की परत चालू करा.

---

पंचवटी_टर्मिनल | सकाळी ११:१४

शलाका, बरोबर. की लिहून घ्यायचं मी आधी सांगायला हवं होतं. आणि हो, हे केल्यावर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची विंडोजची सोय) चालणार नाही, ते वापरत असाल तर लक्षात ठेवा.

---

मनमाड_जंक्शन | सकाळी ११:२०

डब्ल्यूएसएलचं नाव निघालंच आहे तर, व्हर्च्युअलबॉक्स सोडून तेच का नको? विंडोज ११ मध्ये त्याचा आवाज आपोआप विंडोजकडे येतो.

---

अबोली_नाशिक | सकाळी ११:२५

परीक्षा व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहे हो. :)

---

नजरेपलीकडे | दुपारी १:०५

मलाही दिसत नाही. बारा वर्षं सर्व्हर सांभाळण्याचं काम करतोय, सध्या नाशिक रोडला घरून. अबोलीताई, तुमच्या भावाची परवाची रात्र मला माहीत आहे. मी त्यातून गेलोय.

पहिली गोष्ट कुणी विचारली नाही ती. एनव्हीडीए आणि ऑर्का दोघंही इन्सर्ट ही कळ स्वतःची मानतात. तो मशीनमध्ये इन्सर्ट दाबतो तेव्हा बाहेरचा एनव्हीडीए ती आधी पकडतो, ऑर्कापर्यंत ती पोचतच नाही. मग दोघं एकमेकांवर बोलतात आणि माणसाला वाटतं की आवाज बिघडलाय. उपाय : व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत असताना इन्सर्ट, शिफ्ट, एस दाबायचं. लॅपटॉपची कळरचना निवडली असेल तर एसच्या जागी झेड. एनव्हीडीए फक्त त्या खिडकीपुरता झोपतो. बाहेर पडायला उजवा कंट्रोल दाबून ऑल्ट-टॅब, तो परत जागा.

दुसरी, 'मिनल'ची. ही तडतडीपेक्षा वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नका. त्याला म्हणावं, एखाद्या यादीत खालचा बाण सलग, न थांबता दहा वेळा दाब. दहाही शब्द तुटतात की फक्त पहिला? मग दहा सेकंद थांबून पुन्हा एकदा दाब आणि सांग.

तिसरी, आवाज नसतानाचा मार्ग. आतल्या मशीनमध्ये एसएसएच (दुसऱ्या मशीनमध्ये नुसत्या मजकुराच्या आज्ञांनी काम करायची सोय) चालू करा, व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्कच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये बाहेरचा २२२२ आतल्या २२ ला जोडा, आणि विंडोजच्या टर्मिनलमधून आत शिरा. मग आतला मजकूर बाहेरचा एनव्हीडीएच वाचतो, आतल्या आवाजाची गरजच उरत नाही. माझं निम्मं काम असंच चालतं. आत विंडोज असेल तर एनव्हीडीएच्या रिमोट ॲक्सेसनेही हेच साधतं : आतला एनव्हीडीए आवाज न पाठवता मजकूर पाठवतो आणि बाहेरचा तो बोलतो. मजकूर कधी तडतडत नाही.

---

ओझरकर | दुपारी १:३०

नजरेपलीकडे, फार मोलाचं लिहिलंत. टाक्यांचा सगळा खटाटोपच वाचवणारी वाट आहे ही.

---

टाळमृदंग | दुपारी १:४४

अवांतर : आज रविवार, मिसळ खाऊन आलोय. भावाला एकदा बाहेर काढा ताई. लॅपटॉप मिटून न जेवता झोपणाऱ्याला तर्रीदार मिसळ हाच पहिला उपाय.

---

शब्दवेल्हाळ | दुपारी १:५२

आणि पापड. नाशिकची मिसळ पापडाशिवाय पुरी होत नाही.

---

वर्कशॉप_अंबड | दुपारी २:०३

पापड, आणि शेवटी दही. यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

---

अबोली_नाशिक | रविवार, रात्री ८:३५

मिसळ खाऊन आलो आम्ही. दुपारभर बसलो, आता सविस्तर लिहिते.

रिकव्हरी की आधी वहीत लिहून घेतली. मग खुणा काढल्या, मेमरी इंटिग्रिटी बंद केली, रीस्टार्ट. की मागितली नाही. कासव गेलं, लॉगमध्येही एनईएमची ती ओळ नाही. कोअर दोन केले. तडतड जवळजवळ थांबली. उबंटूचं अपडेट मागे चालू असताना थोडी येते.

एनव्हीडीएला झोपवायची युक्ती कळल्यावर तो स्वतःशीच हसला. 'दोघं एकदम बोलत होते आणि मी एकालाच शिव्या देत होतो,' म्हणाला.

नजरेपलीकडे, तुमची चाचणी केली. सलग दहा बाण : पहिला शब्द तुटला, नऊ साबूत. दहा सेकंद थांबून : पुन्हा पहिला तुटला. दर वेळी असंच.

टेलिफोनसारखा आवाज मात्र अजून अधूनमधून होतो. कधी होतो ते लक्षात येत नाही.

---

नजरेपलीकडे | रात्री ८:५०

मग 'मिनल' सापडली. शांतता झाली की पाइपवायरचा कारभारी, वायरप्लंबर, पाच सेकंदांनी साउंड कार्डाला झोपवतो. गाणं ऐकणाऱ्याला ते कळतही नाही. स्क्रीन रीडरवाल्याला मात्र प्रत्येक विचार करून दाबलेल्या कळीला पहिलं अक्षर हरवतं, कारण कार्ड जागं होईतो शब्द सुरू झालेला असतो. आणि आपण विचार करायला पाच सेकंद थांबतोच की! 'सस्पेंड टाइमआउट' नावाची किंमत आहे, ती शून्य करायची म्हणजे कार्ड झोपतच नाही. वायरप्लंबरच्या आवृत्तीप्रमाणे ती फाइल वेगळी असते, तुमच्या आवृत्तीची फाइल तयार करून व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवतो.

नेकबँडही शांततेत झोपतो, तो दुसरा गुन्हेगार. एक दिवस वायरचा हेडफोन लावून पाहा.

---

पंचवटी_टर्मिनल | रात्री ९:०२

उरलेल्या तडतडीसाठी : आतल्या टर्मिनलमध्ये 'पीडब्ल्यू-टॉप' चालवा. त्यात 'ईआरआर' नावाचा रकाना आहे. टाकी कोरडी पडली की तिथला आकडा वाढतो. कानाने मोजण्यापेक्षा हे खात्रीचं. आकडा वाढत असेल तर टाकी २,०४८ करा, म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद. त्याची आज्ञा मीही व्यनि करतो.

---

टाळमृदंग | रात्री ९:१०

४३ मिलिसेकंद?! तेवढ्या उशिरात मला ताल धरता येणार नाही.

---

नजरेपलीकडे | रात्री ९:१६

तुम्हाला नाही, आम्हाला चालतं. कळ दाबल्यावर शब्द ४३ मिलिसेकंद उशिरा आला तरी पूर्ण आला पाहिजे. लवकर आलेल्या अर्ध्या शब्दाचं आम्ही काय करायचं?

---

टाळमृदंग | रात्री ९:२०

पटलं. हा विचार मी केलाच नव्हता.

---

शलाका_गंगापूररोड | सोमवार, सकाळी ६:५५

टेलिफोनसारख्या आवाजाबद्दल रात्रभर डोक्यात घोळत होतं. ताई, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की आउटपुटबरोबर इनपुटचीही खूण केली. तिथेच आहे ते.

ब्लूटूथचा नेकबँड दोन प्रकारे चालतो. नुसतं ऐकायचं असेल तर चांगल्या प्रतीचा आवाज. पण कुणी त्याचा माइक उघडला की तो फोनवर बोलायच्या पद्धतीत जातो आणि ऐकू येणारा आवाजही फोनसारखा होतो. इनपुटची खूण असल्यामुळे मशीनला माइक उघडायची मुभा मिळाली. आता आत माइक कोण उघडतं? उबंटूच्या सेटिंग्जमधलं आवाजाचं पान उघडं असेल तर तेच. माइकची पातळी दाखवणारी पट्टी असते ना तिथे, तिच्यासाठी. म्हणजे तुम्ही आवाज नीट करायला ते पान उघडता आणि त्यानेच आवाज बिघडतो.

मी ऑनलाइन शिकवण्या घेते, माझ्या हेडफोनने मला असंच छळलं होतं. इनपुटची खूण काढा. व्हर्च्युअलबॉक्स ती आपणहून देत नाही, त्यामागे कारण आहे : आतल्या मशीनने न विचारता घरातलं बोलणं ऐकू नये.

---

अबोली_नाशिक | सोमवार, रात्री ९:३०

शलाकाताई, अगदी तेच! आवाजाचं पान उघडलं, डबा. मिटलं, दोन सेकंदांत साफ. चार वेळा करून पाहिलं. मी दर वेळी ते पान उघडूनच 'आता बघ बरं' म्हणायचे. इनपुटची खूण काढली.

पुढचं भाऊच लिहितोय.

---

कानसेन | सोमवार, रात्री ९:५५

नमस्कार, मी अबोलीताईचा भाऊ. आजच सदस्य झालो.

नजरेपलीकडे सरांची फाइल टाकली. मशीन सुरू केलं, एनव्हीडीए झोपवला, मुद्दाम मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि मग कंट्रोल, ऑल्ट, टी दाबलं. 'टर्मिनल.' पूर्ण. ट सकट. ताईला बोलावून परत ऐकवलं.

पीडब्ल्यू-टॉपचा आकडा आधी दहा मिनिटांत ३ वरून ४१ वर जायचा. २,०४८ केल्यावर तासाभरात एकदाच वाढला, तोही अपडेट चालू असताना. कंट्रोलर दोन्ही करून पाहिले. माझ्या लॅपटॉपवर मला फरक ऐकू आला नाही, म्हणून एसी ९७ च ठेवलंय. एसएसएचही जमलं, सराव त्यावरच जास्त करणार.

एक अडचण उरली. आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. तिथल्या कॉम्प्युटरला हेडफोन लावला तर विंडोजच मुकं. सरांनी पाहिलं, बायॉसमध्येच, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्येच, साउंड कार्ड बंद केलेलं आहे, सगळ्या मशीनवर. बायॉसचा पासवर्ड त्यांच्याकडेही नाही. म्हणजे घरी सगळं चालेल आणि परीक्षेच्या दिवशी अडेल.

---

ओझरकर | सोमवार, रात्री १०:१०

बाळा, यूएसबीचा हेडफोन घे. त्याच्या वायरीतच स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं, बायॉसने बंद केलेल्या कार्डाशी त्याचा संबंध येत नाही. पण तो विंडोजलाच जोडलेला राहू दे, आतल्या मशीनला देऊ नकोस. एनव्हीडीए आणि ऑर्का दोघांनाही तोच लागणार आहे. मात्र यूएसबीची भोकंही बंद ठेवलेली नाहीत ना, ते उद्याच पाहून ये.

---

नजरेपलीकडे | रात्री १०:२५

काकांना +१. शिवाय मशीन बंद करून फाइल मेनूतून ओव्हीए (सगळं व्हर्च्युअल मशीन एकाच फाइलमध्ये) बनव आणि पेन ड्राइव्हवर ने. आतली सगळी घडी, सस्पेंडची फाइल, टाकी, ऑर्काचा वेग, तशीच्या तशी येईल. कासव आणि विंडोजचा आवाज या बाहेरच्या गोष्टी आहेत, त्या ओव्हीएमध्ये येत नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या एका ठरावीक कॉम्प्युटरवर आधी एकदा पूर्ण करून पाहा आणि परीक्षेला तोच माग.

मागताना संकोच करू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करून देण्याची तरतूद आहे. प्राचार्यांना लेखी अर्ज दे, त्यात यूएसबी हेडफोन, ठरावीक कॉम्प्युटर आणि आदल्या दिवशी एक तास तयारी, एवढंच माग. मजकूर हवा असेल तर व्यनि कर.

---

वर्कशॉप_अंबड | रात्री १०:४०

माझ्याकडे यूएसबीचा एक कोरा हेडफोन पडून आहे. उद्या इंदिरानगरकडे येणं आहे, देऊन जातो. अबोलीताई, पत्ता व्यनिने कळवा.

---

कानसेन | गुरुवार, सायंकाळी ६:१५

अर्ज मंजूर झाला. दुसऱ्या रांगेतला, दाराजवळचा कॉम्प्युटर मिळालाय. आज त्यावर ओव्हीए टाकून पाहिली, वर्कशॉप काकांचा हेडफोन लावला. विंडोज बोललं, एनव्हीडीए बोलला. त्याला झोपवला, ऑर्का सुरू केला. लॉगमध्ये एनईएमची ओळ नाही, म्हणजे तिथे कासवही नाही. एक फोल्डर उघडलं, आत फाइल बनवली, तिची परवानगी बदलली, मिटवली. सरांनी घड्याळ लावलं होतं. तीन मिनिटं लागली.